मुंगी मेली

गेल्या गणपतीत पुण्याहून मोठे भाऊजी आणि वहिनी आमच्याकडे आले होते. इथे सिएटलजवळ बॉथेलला आमचा दीड दिवसाचा गणपती असतो, आरती झाली, सगळे सतरंजीवर पानं घेऊन बसले आणि मी नेहमीसारखी डायनिंगची खुर्ची ओढून त्यावर. मी खाली बसत नाही. म्हणजे बसता येतं, पण उठवायला दोन माणसं लागतात आणि पुढचे तीन दिवस कंबर त्याची वसुली करते. भाऊजींनी विचारलं, काय गं, अजून कंबर का? आणि मी आपली उत्साहाच्या भरात सांगून बसले की आता बरंच बरं आहे, पेन क्लिनिकवाल्यांनी व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांसमोर दुसरंच जग दाखवणारा, चष्मा दिलाय दोन महिन्यांसाठी, रोज दहा-पंधरा मिनिटं लावायचा, त्यात झाड दिसतं, त्याच्यासमोर बसून श्वास घ्यायचा वगैरे. भाऊजींनी मोदकाचं नाक मोडून आत तूप सोडलं (हे काम ते फार निगुतीने करतात) आणि म्हणाले, "चष्म्यात झाडं बघून कंबर थांबते? म्हणजे मग खरं दुखत नव्हतंच ना!"

सगळे हसले. मीपण हसले. आणि तूप आणते म्हणून आत गेले, तूप बाहेरच होतं.

आता भाऊजी वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते. माझ्या बाळंतपणात वहिनींना तिकीट काढून दोन महिने इथे पाठवणारे तेच. पण ते वाक्य काही जाईना. भांडी डिशवॉशरला लावताना, रात्री कूस बदलताना, सकाळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून उभी असताना, तेच. आणि ते जात नव्हतं कारण ते भाऊजींचं नव्हतंच, माझंच होतं. चष्मा लावून पहिल्यांदा जेव्हा खरंच पाच मिनिटं कंबर गप्प बसली तेव्हा मला आनंद व्हायच्या आधी भीती वाटली होती, की अरे बापरे, हे एवढ्याशा झाडाने थांबतंय तर मग इतकी वर्षं मी काय सांगत होते लोकांना?

सुरुवात अगदी साधी झाली. २०१७ च्या पावसाळ्यात (इथे पावसाळा म्हणजे ऑक्टोबर ते मे) गाडीच्या मागच्या सीटवरून झोपलेल्या पोराला कार सीटसकट उचलायला वाकले आणि उसण भरली. उसण भरणं काय, घरोघरी भरते. आई फोनवर म्हणाली शेक घे, निर्गुडीचा पाला मिळाला तर बांध, आता बॉथेलला निर्गुडी कुठून आणू. चार दिवसांत जाईल असं सगळेच म्हणाले आणि ती गेली नाही. उसणेची चमक झाली, चमकेचा ठणका झाला, मग ठणका मुक्कामाला आला आणि डाव्या पायात मुंग्या यायला लागल्या. एमआरआय झाला. मणक्यांमधल्या चकतीला थोडा फुगवटा, थोडी झीज, डॉक्टर म्हणाले वयाच्या मानाने विशेष काही नाही. नंतर कधीतरी वाचलं की ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१५ साली एक पेपर आला होता, त्यात विशीतल्या धडधाकट लोकांत ३७ टक्क्यांच्या चकत्यांची झीज झालेली निघाली आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांची. म्हणजे फोटोत झीज असून मजेत हिंडणारी माणसं ढिगाने, आणि फोटोत विशेष काही नसून रात्ररात्र जागणारी मी. 'विशेष काही नाही' ऐकून माणसाला बरं वाटायला पाहिजे. मला चोरी पकडल्यासारखं वाटलं. प्लास्टर नाही, टाके नाहीत, सूज नाही, दाखवायला काहीच नाही, फक्त माझं तोंड आणि त्या तोंडाने सांगायचं दुखतंय.

आणि सांगायचं तरी कशात, तर शून्य ते दहा. नर्स दर वेळी विचारते, आज किती? एकदा मी सहा म्हणाले, एकदा साडेसहा, ती हसली. आता मराठीत विचारलं असतं तर मी पटकन सांगितलं असतं, की सकाळी अवघडलेली असते, दुपारी ठणकते, जिना उतरताना एक सणक जाते, रात्री नुसती ठसठस, आणि पावसाच्या दिवशी भरून येते. ठणका आणि ठसठस यात काय फरक ते आपल्याकडे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. यातलं सहा कशाला म्हणू आणि साडेसहा कशाला?

माझी आजी असती तर तिने आकडा विचारला नसता. सांगलीच्या वाड्यात शहाबादी फरशी होती, पाणी सांडलं की हमखास घसरायचं. मी चारेक वर्षांची असेन, धाडकन पडले, गुडघा फुटला, आणि भोकाड पसरायच्या आत आजीने फरशीवर जोरात चापट मारली, "अगंबाई, मुंगी मेली बघ!" मुंगी मेली हे सगळ्यांच्याच लहानपणी असतं, तुमच्याही असेल. पण मी ते फार मनावर घ्यायचे. कुठाय मुंगी? फरशीच्या सांध्यांमधून बोट फिरवत मी मुंगी शोधत बसायचे, गुडघ्यातून रक्त येतंय आणि माझं लक्ष मुंगीत. सापडायची नाही. आजी म्हणायची, गेली वाहून. मग मुंगीसाठी थोडं रडायचे, गुडघ्यासाठी रडायचं राहून जायचं. मला आता राहून राहून वाटतं, की त्या क्षणी गुडघा खोटा होता का? आणि रक्त?

ह्या आमच्या सिएटलशी या सगळ्याचा जुना संबंध आहे हे मला फार उशिरा कळलं. डाउनटाउनकडे जाताना आय-फाइव्ह हायवेवरून टेकडीवर हार्बरव्ह्यू हॉस्पिटल दिसतं, त्या भागात इतकी हॉस्पिटलं आहेत की लोक त्या टेकडीला गमतीने पिल हिल म्हणतात. तिथे भाजलेल्या पेशंटांचं मोठं सेंटर आहे, आणि १९९६ च्या सुमारास युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या दोघांनी तिथल्या पेशंटांना ड्रेसिंगच्या वेळी व्हीआर हेल्मेट घालून बघायला सुरुवात केली. हॉफमन त्याआधी कोळ्यांना घाबरणाऱ्या लोकांना व्हीआरमधले कोळी दाखवून भीती घालवायच्या मागे होते. भाजलेल्यांसाठी मग स्नोवर्ल्ड नावाचं एक बर्फाचं जग तयार झालं, निळसर पांढऱ्या बर्फाच्या दरीतून आपण तरंगत चाललोय, कडेला स्नोमॅन आणि पेंग्विन, त्यांच्यावर बर्फाचे गोळे मारत सुटायचं. बाहेर नर्स मेलेली कातडी काढतेय आणि आत माणूस पेंग्विनवर नेम धरतोय. २००४ मध्ये त्यांनी आठ धडधाकट लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून पायाला चटका बसेल इतपत उष्णता देऊन पाहिलं, तर स्नोवर्ल्ड चालू असताना मेंदूतल्या दुखण्याशी संबंधित पाचही जागांची हालचाल कमी झालेली दिसली. नुसतं तोंडाने 'कमी वाटतंय' म्हणण्यापुरतं ते नव्हतं, मेंदूच्या चित्रातच कमी.

हे वाचताना मला वाड्यातल्या काकू आठवल्या. स्टोव्हच्या भडक्याने त्यांचा हात आणि मान भाजली होती, रोज दुपारी कंपाउंडर ड्रेसिंगला यायचा, आणि तो आला की त्यांच्या घरातला रेडिओ मोठा व्हायचा. इतका मोठा की पार मागच्या गोठ्यापर्यंत ऐकू यायचा. आम्हा पोरांना काकूंचं ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून करतात असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आता वाटतं कदाचित तो काकूंसाठीच असेल.

पण माझं दुखणं काकूंसारखं नाही. ड्रेसिंग वीस मिनिटांत संपतं, तेवढ्यापुरते गोळे मारता येतात. चोवीस तास, सात वर्षं पेंग्विनवर गोळे कोण मारणार? तीन महिन्यांच्या वर टिकलं की त्याला क्रॉनिक म्हणतात आणि तिथून पुढे कारभार बदलतो, बऱ्याचदा जखम भरलेली असते पण मज्जासंस्थेला दुखायची सवय लागलेली असते, ती आपली साध्या वाकण्यालाही धोका धोका म्हणून बोंब मारते. चष्म्यातल्या बाई (एक आवाज आहे, शांत, थोडा जास्तच शांत) हे समजावताना अलार्मचं उदाहरण देतात. मला ते लगेच पटलं कारण अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येक मराठी बाईला हा अलार्म माहीत आहे. तुम्ही आपली आमटीला फोडणी देता, मोहरी तडतडते, मिरची जरा जळते, आणि छतावरचा स्मोक डिटेक्टर किंचाळायला लागतो. मग नवरा टॉवेल घेऊन खुर्चीवर चढतो, पोरगं कानात बोटं घालून पळतं, खिडक्या उघडा, दार उघडा. आता यात आग नसते. पण सायरन खरा असतो ना? कानठळ्या खऱ्या बसतात. शेजारीण खरोखर बाहेर येऊन उभी राहते.

हे उत्तर मला भाऊजींना द्यायला तीन दिवसांनी सुचलं, तोवर ते लोक व्हँकुव्हरला फिरायला गेले होते.

बरं, चष्मा म्हणजे काय तर चांगला जाडजूड डबा आहे. कपाळाला लागतो तिथे काळा फोम, त्याला आधीच्या कुणाच्यातरी शाम्पूचा वास. पहिल्या दिवशी लावून काढला तर माझी टिकली गायब, शोधली तर फोमला आतून चिकटलेली. मग रोजचाच उद्योग झाला, आधी टिकली काढून आरशाला लावायची, मग चष्मा. आत गेलं की आधी अंधार, मग एक कुरण, समोर एक वाळकं झाड, राखाडी, पान नाही. आपण श्वास सोडला की माइकला तो ऐकू जातो आणि तो श्वास पांढऱ्या वाफेसारखा आपल्यापासून निघून झाडाकडे जाताना दिसतो, आणि झाडाला एकेक पान फुटतं. घाई केली, फुसकन सोडला, तर काही होत नाही. लांब, सावकाश सोडला तर एक अख्खी फांदी हिरवी. पहिला आठवडा मला मळमळलं, महाबळेश्वरच्या घाटात एसटीत होतं तसं, आणि रागही आला, की मी इथे वेदनेने मरतेय आणि हे मला कार्टून दाखवतायत. तिसऱ्या आठवड्यात एका रविवारी मी कपड्यांची बास्केट घेऊन जिना चढले आणि वर पोचल्यावर लक्षात आलं की मी बास्केट घेऊन जिना चढले. बास. याहून मोठा चमत्कार काही झालेला नाही. वाईट दिवस येतात अजून, परवाच एक येऊन गेला.

माझ्याकडे आला तसल्याच जातीच्या इझव्हीआरएक्स नावाच्या प्रोग्रॅमला नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं तपासणारं सरकारी खातं) परवानगी दिली, कमरेच्या जुनाट दुखण्यासाठी, प्रिस्क्रिप्शनवर. आठ आठवडे, ५६ सेशन, प्रत्येक दोन ते सोळा मिनिटांचं. त्याच्या ट्रायलमध्ये १७९ माणसं होती. चष्म्याचा पूर्ण प्रोग्रॅम केलेल्यांपैकी ६६ टक्के लोकांचं दुखणं ३० टक्क्यांहून जास्त कमी झालं. छान. पण तुलनेसाठी जो दुसरा गट होता त्यांना चष्म्यात नुसती सपाट, टू-डी दृश्यं दाखवली होती, श्वासाचं शिकवणं वगैरे काही नाही, आणि त्यांच्यातही ४१ टक्के लोकांना तेवढाच आराम पडला. ६६ आणि ४१ मधला फरक मोठाच आहे, म्हणून तर परवानगी मिळाली, पण माझा जीव त्या ४१ मध्येच अडकला. ती माणसं काय बघत होती? त्यांना कुणी काही शिकवलं नाही, त्यांच्या श्वासाने कुठलं झाड फुललं नाही, तरी निम्म्याच्या जवळपास लोकांना बरं वाटलं. भाऊजींना हा आकडा कळला असता तर त्यांनी दुसरा मोदक घेतला असता.

व्हँकुव्हरहून परत आल्यावर एका दुपारी वहिनी माझ्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं. म्हणाल्या, कसं असतं गं ते? मला वाटलं सहज विचारतायत. वहिनींना तीन वर्षांपूर्वी डाव्या बरगडीखाली नागीण झाली होती हे मला माहीत होतं, फोड गेले हेही. आग गेली नाही हे माहीत नव्हतं. "ब्लाउजची कड लागते ना, तिथे विस्तव ठेवल्यासारखं होतं," त्या म्हणाल्या, "म्हणून मी घरी गाउनवरच असते. लोकांना वाटतं आळशी झाली." नागीण गेल्यावरही नस अशी महिनोन्महिने, कुणाकुणाची वर्षानुवर्षं पेटलेली राहते. मी विचारलं भाऊजींना माहितीय का, तर म्हणाल्या माहितीय की, पण रोज काय सांगायचं, डाग तर गेले आता.

मी म्हटलं, हे कमरेसाठी आहे वहिनी, आणि एकाच्या नावावरचं दुसऱ्याने लावायचं नसतं. त्या नुसत्या बघत राहिल्या. मग दिला.

पलंगाच्या कडेला बसल्या, पदर खोचला, टिकली काढून माझ्याच आरशाला लावली, माझ्या टिकलीशेजारी. मी सात मिनिटांचं सेशन लावलं. आता चष्मा लावलेल्या माणसाला बाहेरून बघणं हा एक विचित्र प्रकार आहे, त्याचा चेहरा अर्धाच असतो. वहिनींचे हात मांडीवर होते आणि बोटं चालली होती, निवडणं निवडतात तशी, खडा बाजूला, खडा बाजूला. मग एका क्षणी ती थांबली. तोंड थोडं उघडलं. बाहेरून भाऊजींची हाक आली, "अगं, माझ्या बीपीच्या गोळ्या कुठे ठेवल्यास?" वहिनी हलल्या नाहीत, कानाशी तो आवाज चालू होता ना. मी दार किलकिलं करून हळूच म्हटलं, पाच मिनिटं थांबा भाऊजी. पुन्हा हाक आली, मी पुन्हा गेले. गोळ्या फ्रीजवर, लाल डब्यात होत्या, मला दिसत होत्या इथून.

चष्मा काढला तेव्हा कपाळावर फोमचा वळ उठला होता आणि डोळे ओले होते, पण ते चष्मा काढला की माझेही होतात. मी विचारलं, आग कमी झाली का? मला खरंच हवं होतं त्यांनी हो म्हणावं, मला एक साक्षीदार हवा होता.

"आग आहे तशीच आहे गं," त्या म्हणाल्या. मग टिकली लावता लावता आरशात बघून, "पण सात मिनिटं कुणी हाक मारली नाही."

मी काही बोलले नाही. दोनदा मारली होती हेही सांगितलं नाही.

तेव्हापासून ते ४१ टक्के मला वेगळे दिसायला लागलेत. मी काही शास्त्रज्ञ नाही, आणि या वाक्यावर कुठलाही डॉक्टर हसेल, पण त्यांनाही घरी एक खोकं आलं होतं, त्यावर त्यांचं नाव होतं, कुणीतरी सांगितलं होतं की रोज इतकी मिनिटं दार लावून बसा, तुमचं दुखतंय म्हणून. माझ्या घरात त्या सात वर्षांत 'आईचा चष्मा चालू आहे' हे पहिलं वाक्य होतं ज्याने पोरगं दाराबाहेर थांबायचं. 'आईची कंबर दुखतेय' ने नाही थांबायचं. वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली व्याख्या सुधारली तेव्हा खाली टिपांमध्ये हेही लिहिलंय की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या म्हणण्याचा मान ठेवावा. त्यासाठी डब्बा लागतो आपल्याला, चारशे-पाचशे ग्रॅमचा. पण नुसतं तेवढंच असतं तर ६६ आले नसते, हेही आहेच. झाडाचा काहीतरी वाटा असणार. किती, ते मला मोजता येत नाही, साडेसहाच म्हणा.

चष्मा ऑक्टोबरात परत गेला. खोक्यात घालताना फोमच्या आत बोट फिरवून बघितलं, एक टिकली निघालीच, माझी की वहिनींची कोण जाणे. आता मी खुर्ची कुंपणाकडे तोंड करून ठेवते आणि डोळे मिटून बसते, कधी झाड येतं, कधी नाही येत, कधी नुसतीच पायात मुंग्या घेऊन उठते. पोरगं विचारतं, आई, डबा नाही तरी तुझा चष्मा चालू आहे? मी हो म्हणते.

परवा वहिनींना फोन केला तर भाऊजींनी उचलला. इकडचं तिकडचं झालं, हवा कशी आहे, बर्फ पडला का. म्हटलं वहिनींना द्या की जरा.

"ती आत बसलीय, दार लावून," भाऊजी आवाज खाली आणून म्हणाले. "सात मिनिटांनी कर."